नूतनने न दिलेला होकार

नूतन नेमकं काय काम करते हे भोरमधल्या तिच्या शेजारणींना अजूनही नीट सांगता येत नाही. विंझरला, तिच्या सासरी, तर तिने सांगणं सोडूनच दिलं. "सून कंपूटरवर कापी करती आन् त्याचा पगार घेती," असं तिच्या सासूबाई, सगुणाबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी भोंगवलीच्या शाळेत मुलांच्या कॉप्या पकडण्यात उमर घालवलेली बाई, आणि नूतन माझीच विद्यार्थिनी. त्यामुळे हे वाक्य झालं की लोक माझ्याकडे बघून हसतात.

काम तसं समजायला सोपं आहे. दुकानांची बिलं, दवाखान्यांचे एक्स-रे, लग्नांचे फोटो हल्ली लोक क्लाऊडमध्ये ठेवतात, म्हणजे कुठल्या तरी कंपनीच्या लांबच्या संगणकांवर. तिथली जागा बदलायची झाली की सगळ्या फाइलींची दुसरी प्रत नव्या जागी करायची, ती नीट झाल्याची खात्री करायची आणि मगच जुनी जागा पुसायची. हे हाताने कुणी करत नाही. संगणकाला एक टास्क नेमून द्यायचं. कुठून घ्यायचं, कुठे ठेवायचं, एकाच नावाच्या दोन फाइली समोरासमोर आल्या तर काय करायचं, हे सगळं आधी ठरवून द्यावं लागतं. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीसाठी नूतन अशी टास्क चालवायची. नवरा हनुमंत गॅरेजात गेला की ही स्वयंपाकघरातल्या खिडकीशी लॅपटॉप उघडून बसायची. कुकरची शिट्टी आणि टास्कची घंटा यांत तिची कधी गल्लत झाली नाही.

लहानपणापासून ती अशी आहे की एकदा उभी राहिली की हलत नाही. तिसरीत असताना मी फळ्यावर उतारा लिहून दिला होता. पुढचा लिहायचा म्हणून डस्टर उचलला, तर ही फळ्याला पाठ लावून उभी. "सुलूचं व्हायचंय अजून, बाई." सुलू वर्गातली सर्वांत सावकाश लिहिणारी मुलगी, आणि नूतनची काही खास मैत्रीणही नव्हती. सुलू तुझ्या वहीतून घेईल, असं मी म्हटलं. "माझ्या वहीत चुका असतात," असं म्हणून ती तिथेच राहिली. शेवटी बाजूला झाली तेव्हा सुलूच्या राहिलेल्या ओळी नेमक्या तिच्या पाठीने पुसल्या होत्या आणि फ्रॉकवर उलट्या उमटल्या होत्या. सुलू रडायला लागली. नूतन नाही रडली. तिने मला त्या ओळी पुन्हा लिहायला लावल्या.

भोरमध्ये आमचं एक छोटं मंडळ आहे. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायच्या, एवढंच त्याचं काम. अध्यक्ष आनंदराव हे निवृत्त वकील. मंडळ त्यांनी उभं केलं, आणि स्वतःच्या गाडीत घालून कॉलेजच्या मुलांना डोंगरातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत त्यांनीच नेलं, हे आधी सांगायला हवं. मुलं मोबाईलवर माणसांना बोलतं करायची आणि फाइलला नाव द्यायची. पुरुष आपलं नाव मतदारयादीत असतं तसं सांगत, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. बाईला विचारलं, "आजी, काय नाव लावू?" की ती पदर सारखा करून म्हणे, "लाव की, सोनबाची आई." गावात तिला सगळे त्याच नावाने हाक मारत. मुलंही तेच नाव लावून पुढच्या घरी जात. गावागावाचं फोल्डर वेगळं होतं, म्हणून विंझरची सोनबाची आई आणि वेल्ह्याची सोनबाची आई कधी एकमेकींच्या वाटेत आल्या नाहीत.

सगळा साठा पुण्यातल्या एका गृहस्थांनी त्यांच्या जागेत फुकट ठेवू दिला होता. ती जागा त्यांना मोकळी करून हवी होती, म्हणून मंडळाने नवी घेतली. प्रती करायचं काम नूतनच्या कंपनीला मिळालं, आणि नूतनने ते मागून घेतलं. माहेरच्या आणि सासरच्या माणसांचे आवाज आपल्या हातून जाणार, याचं तिला अप्रूप होतं. जागेचे मालक शिस्तीचे. ज्याच्या नावावर टास्क आहे त्याने "प्रती पूर्ण" असा लेखी होकार दिला तरच मी मूळ पुसेन, असं त्यांनी कळवलं होतं.

आनंदरावांना फोल्डर नको होते. सगळं एका जागी, अकारविल्हे, कुणालाही चटकन सापडेल असं हवं होतं. नूतनने तसंच लावलं. त्याआधी एकदा चाचणी म्हणून तिने थोड्या फाइली नव्या जागी नेऊन बघितल्या होत्या. त्या जुन्या प्रती राहू नयेत म्हणून या वेळी टास्कला सांगून ठेवलं, की त्याच नावाची फाइल तिथे असेल तर तिच्यावर नवी लिही. टास्क चाललं. अहवालात प्रत्येक फाइलीपुढे "यशस्वी" आलं. तिच्या कंपनीने तो मंडळाला पाठवला, आनंदरावांनी नवा साठा लोकांना खुला करण्याच्या समारंभाची तारीख ठरवून पाहुण्यांना बोलावलं. मालकांना होकार कळवणं तेवढं राहिलं होतं.

त्याच आठवड्यात सगुणाबाई डोळे दाखवायला विंझरहून भोरला आल्या. नसरापूरला एसटी बदलून येतात आणि आल्या आल्या त्या एसटीला नावं ठेवतात. डॉक्टरांकडून परतल्यावर डोळ्यांत औषध घातल्यामुळे काही दिसेना, तेव्हा त्या सुनेला म्हणाल्या, की दिसत न्हाई तर ऐकू तरी, माझं बोलणं लाव. मी तेव्हा तिथेच चहा घेत होते. नूतनने नव्या साठ्यातली "हनुमंताची आई" उघडली. आतून एक ठणठणीत आवाज ज्वारीचं खळं सांगू लागला. जमीन कशी चोपायची, मधला खांब, म्हणजे तिवडा, कुठे रोवायचा, त्याभोवती बैल कसे फिरवायचे.

सगुणाबाईंनी थोडा वेळ ऐकलं. "ही कोन बया?"

"तुमचीच फाइल आहे आत्या. हनुमंताची आई."

"नाव माझं आसंल. बोलतीया दुसरीच. आमच्यात जोंधळा कुठं असतो? म्या भाताच्या रोपासाठी राब भाजायचं सांगितलं हुतं. खाली श्यान, त्यावर पाला, मग गवत, मग माती. आमी भातवाली मानसं."

तो आवाज नूतनच्या ओळखीचा होता. भोंगवलीला तिच्या माहेराच्या मागच्या आळीत एक हनुमंत आहे, त्याच्या आईचा. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि जुन्या-नव्या साठ्यांच्या याद्या शेजारी-शेजारी लावून बघितल्या. मग मला दाखवलं. जुन्या साठ्यात जितक्या फाइली होत्या तितक्या नव्यात नव्हत्या. गावांचे फोल्डर गेल्यावर सगळ्या सोनबांच्या आया एका दारात आल्या होत्या, आणि टास्कने सांगितल्याप्रमाणे एकीवर दुसरी लिहिली होती, दुसरीवर तिसरी. प्रत्येक लिहिणं यशस्वीच झालं होतं. शेवटी आली ती एकटी उरली. पुरुष झाडून सगळे पोचले होते, कारण त्यांना आडनावं होती. डोंगरातल्या बहुतेक बाया गेल्या होत्या.

"हे मी केलंय, बाई," ती म्हणाली.

सगुणाबाई मात्र त्या परक्या बाईचं बोलणं पुन्हा लावायला सांगत होत्या. चांगलं बोलती, म्हणाल्या, तिवड्याचं ऐकू दे.

जुन्या जागेत सगळ्या बाया अजून शाबूत होत्या. पुन्हा टास्क चालवणं हे एका संध्याकाळचं काम होतं, परवानगी मिळाली तर. कंपनीतला तिचा वरिष्ठ शार्दूल, वयाने तिच्याहून लहान, एरवी मदत करणारा मुलगा. नूतनने त्याला फोन करून चूक सांगितली आणि पुन्हा चालवू का विचारलं. तो म्हणाला, की शंभर टक्के यशस्वी असा अहवाल आपण ग्राहकाला दिला आहे, ग्राहक खूश आहे. आता तो चुकीचा होता म्हणून कळवायचं तर कंपनीचं नाव जातं. मंडळाची तक्रार नसेल तर तू होकार पाठव आणि विषय संपव. मंडळाला विचारते, असं नूतन म्हणाली.

मंडळाच्या खोलीत आम्ही चार-पाच सभासद जमलो. सगुणाबाई बोलावल्याशिवाय आल्या आणि दाराजवळच्या बाकावर बसल्या. शार्दूल फोनवर होता. नूतनने झालं ते सरळ सांगितलं, कुठे कमी-जास्त केलं नाही. आनंदरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते कधी आवाज चढवत नाहीत.

"नूतन, पोरी, मुख्य माणसं तर आलीत ना सगळी. पाटील आले, कोतवाल आले, तोरण्याच्या वाटा माहीत असलेले आले. राहिल्या त्या घरातल्या बायका. चूल, भात, बाळंतपण. एकीचं ऐकलं की सगळ्यांचं ऐकल्यासारखंच असतं."

"तुमी ऐकलंय का एकीचं?" सगुणाबाईंनी बाकावरून विचारलं.

"वेळ कुठे होतो, आजी. अध्यक्षाच्या मागे कामं असतात."

"मग एकीचं ऐकलं की समद्यांचं, ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

एक सभासद हसले आणि लगेच खोकले. आनंदराव नूतनकडे वळले. समारंभ ठरला आहे, पत्रिका गेल्या आहेत, आता चुकांची चर्चा उकरून मंडळाचं हसं करायचं का, असं त्यांनी विचारलं. खोटं लिहायला तुला कुणी सांगत नाही. अहवालात यशस्वी आहे, तेवढंच लिही.

"अहवाल मीच काढलाय, काका. तो खरा आहे, पण बाया नव्या साठ्यात नाहीत. चूक माझी, ती मी लिहून देते. प्रती पूर्ण झाल्या असं मात्र लिहिणार नाही."

फोनमधून शार्दूल म्हणाला, "नूतन, उद्या दुपारपर्यंत होकार आला नाही तर तुझ्या जागी मला दुसरं कुणी बघावं लागेल."

"बघा सर. टास्क माझ्या नावावर आहे, मालक मलाच विचारतील. मी नाही म्हणेन."

एवढं बोलून तिने पिशवी उचलली, सासूला हात दिला आणि दोघी निघाल्या.

घरी हनुमंतने तिला समजवायचा प्रयत्न केला. तो भांडखोर नाही, हिशेबी आहे. दोन खोल्यांचं भाडं तिच्या पगारावर निघतं हे त्याने बोलून दाखवलं नाही. आईचं तेवढं जुन्या साठ्यातून आपल्या मोबाईलवर काढून ठेव, म्हणाला, बाकीच्यांचं त्यांची पोरं बघतील. आणि तसं करणं तिला सहज जमलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

"आत्यांचं एकटीचं घरात आणून ठेवते आणि बाकीच्या पुसून टाकायला होकार देते, असं?" ती म्हणाली. "मग उद्या भोंगवलीला गेल्यावर त्या हनुमंताच्या आईसमोर मी कुठल्या तोंडाने उभी राहू?"

सगुणाबाई भाकरी थापत होत्या. मुलाकडे न बघता त्या म्हणाल्या, "मला न्हाई एकटीला ऱ्हायचं तितं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच नूतनने एक पत्र लिहिलं आणि शार्दूल, आनंदराव आणि जागेचे मालक अशा तिघांना एकदमच पाठवलं. पत्र लहान होतं. प्रती अपुऱ्या आहेत. चूक टास्क लावण्यात माझी झाली. मूळ साठा पुसू नये. खाली तिचं नाव. मालकांचा फोन लगेच आला. त्यांनी चार प्रश्न विचारले, तिने चार उत्तरं दिली, आणि प्रती पुऱ्या होईपर्यंत मी जागेला हात लावत नाही, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं. त्यामुळे शार्दूलला टास्क पुन्हा चालवू देण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. "चालव. मग बोलू," एवढाच निरोप आला. आनंदरावांनी समारंभ पुढे ढकलला आणि नूतनशी बोलणं सोडलं. तिची बाजू घेतली म्हणून माझ्याशीही.

आता नावांचं काय करायचं हा प्रश्न होता. फोल्डर नकोत ही मंडळाची अट कायम होती. प्रत्येक नावाआधी गावाचं नाव लावावं, म्हणजे विंझर – हनुमंताची आई, असं नूतनने ठरवलं. सगुणाबाईंना ते पटलं नाही.

"गावाचं नाव गावाला हाय. पोराचं पोराला हाय. मला माझं हाय की. सगुना लाव."

मग बायांची स्वतःची नावं विचारायला दोघी निघाल्या. वेल्ह्याला बाजारच्या दिवशी सगुणाबाई एसटी स्टँडसमोरच्या कट्ट्यावर बसल्या आणि ओळखीची म्हातारी दिसली की तिला पदर धरून बसवायच्या. नूतन लिहून घ्यायची. एक दिवस मीही गेले होते. बाया आधी लाजल्या. एकीने आपलं नाव सांगितलं आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसत सुटली. लग्न झाल्यापासून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. दुसरी अडून बसली. माहेरची ती यमुना, लग्नात सासरच्यांनी नाव बदलून पार्वती ठेवलं. कुठलं खरं धरायचं?

"तुला कुठलं पाहिजे?" नूतनने विचारलं.

"दोनी लाव. एक दमली तर दुसरी बोलंल."

सगळ्याच काही अशा नव्हत्या. एक म्हातारी ठाम म्हणाली, की मला सोनबाची आईच राहू दे, सोनबा गेला, त्याचं नाव घेणारं आता दुसरं कोण हाय. सगुणाबाई वाद घालायला निघाल्या, तर नूतनने त्यांना थांबवलं आणि वेल्हे – सोनबाची आई, असं लिहून घेतलं. ज्या बाया आता नाहीत त्यांची नावं लेकींकडून मिळाली. भोंगवलीच्या बाजूला हनुमंत गॅरेजातून रजा काढून दोघींना स्वतः घेऊन गेला. तिथल्या हनुमंताच्या आईला भेटल्यावर सगुणाबाईंनी तिला पहिलंच विचारलं, की तिवडा बाभळीचाच का लागतो. दोघी दुपारभर बोलत बसल्या. येताना सगुणाबाईंनी एसटीला नावंही ठेवली नाहीत.

नूतनने नव्या जागेतल्या आधीच्या प्रती काढून टाकल्या आणि टास्क दुसऱ्यांदा लावताना एकच गोष्ट बदलली. त्याच नावाची फाइल समोर आली तर वर लिहू नको, थांब. ते चालू झालं आणि मध्येच एका ठिकाणी खरोखर थांबलं. दोन वेगळ्या गावांतल्या दोघी जणी चंद्रभागा निघाल्या. "थांबलं बघा, बाई," असं ती इतक्या समाधानाने म्हणाली, जसं काही बिघडायचीच ती वाट बघत होती. दोघींना गावं जोडली आणि टास्क पुढे गेलं. अहवालात पुन्हा सगळीकडे "यशस्वी" आलं. या वेळी ती त्याच्यावर विसंबून राहिली नाही. पुढचे काही दिवस दुपारी ती आणि मी एकेक फाइल उघडून थोडी थोडी ऐकत गेलो, नाव आणि आवाज जुळतो का बघत. बाळंतिणीला आळीव कधी द्यायचे. गुंजवणीला पूर आला की पैलतीरी निरोप कसा पोचवायचा. नवरा मेल्यावर दिराने शेत घेतलं ते तहसिलीत जाऊन परत कसं मिळवलं. एकीचं दुसरीसारखं एकही नव्हतं. सगळं जुळल्यावर नूतनने मालकांना लिहिलं, की प्रती पूर्ण आहेत आणि त्या मी ऐकून बघितल्या आहेत. आता पुसायला हरकत नाही.

शार्दूल म्हणाला होता तसा तो मग बोलला. कंपनीला डावलून तू थेट जागेच्या मालकांना लिहिलंस, हे वरच्यांना चालणार नाही. एक माफीपत्र दे, बाकी मी सांभाळतो. तो मनापासून सांगत होता. नूतनने त्याच दिवशी लिहून पाठवलं. टास्क लावताना माझ्या हातून बायांच्या प्रती एकमेकींवर लिहिल्या गेल्या, त्याची मी माफी मागते. मालकांना कळवलं त्याची मागत नाही.

तासाभराने त्याचा फोन आला. "शेवटचं वाक्य तेवढं काढ, नूतन. मी तुझ्यासाठी भांडून आलोय."

"तुम्ही भांडलात, त्याबद्दल खरंच आभार, सर. वाक्य राहू द्या."

दुसऱ्या दिवशी तिचा पासवर्ड चालेना. तिने दोनदा टाकून बघितला, लॅपटॉप मिटला आणि हनुमंतला गॅरेजात फोन करून नोकरी गेल्याचं सांगितलं. तो जेवायला घरी आला तो येताना भजी घेऊन आला. त्या महिन्यात आणि त्याच्या पुढच्याही महिन्यात त्यांची ओढाताण झाली, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग जागेच्या त्या मालकांनीच एका दवाखान्याचं काम तिच्याकडे धाडलं. पाठोपाठ नसरापूरच्या एका फोटो स्टुडिओचं आलं. आता ती त्याच खिडकीशी बसून स्वतःच्या नावावर कामं घेते. फार नाहीत, पण येतात. परवा मी गेले तेव्हा कुणीतरी फोनवर घाई करत होतं. टास्क हिरवं दाखवतंय ना, मग आजच होकार पाठवा, असं त्याचं म्हणणं होतं. नूतनने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग सांगितलं, की मी उघडून बघितल्याशिवाय होकार देत नाही, तुम्हाला थांबायला जमत नसेल तर दुसरं कुणी बघा. पलीकडे तो काही तरी पुटपुटला. तिने फोन खाली ठेवला, पुढची फाइल उघडली आणि मला चहात साखर घ्यायला खुणेनेच सांगितलं.